सेमी-हॉलो बेसचं वायरिंग बदलताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सॉलिड बॉडीच्या, म्हणजे भरीव लाकडाच्या, बेस गिटारचं वायरिंग बदलायचं असेल तर मागचं झाकण उघडलं की सगळं समोर दिसतं. सेमी-हॉलो बेसला बहुधा ते झाकणच नसतं. मधोमध भरीव लाकडी ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी, आणि पोकळीत शिरायची वाट म्हणजे एफ-होलची, वरच्या लाकडात एफ अक्षरासारख्या कापलेल्या भोकाची, अरुंद फट. गिब्सनचा ईबी-२ हा बेस १९५८ साली आला, तेव्हापासून या घडणीच्या वाद्यांत पॉट (नॉबखालचा फिरता रोध), स्विच आणि जॅक (केबल लावायची जागा) बहुधा या फटीतूनच आत ओढून बसवतात.

म्हणून या कामाचा एकच नियम आधी मनात पक्का करा: आत काहीही जोडायचं नाही. जोडणी, तपासणी, चुकांची दुरुस्ती, सगळं बाहेर करायचं. आत फक्त तयार झालेलं नेऊन बसवायचं. हा नियम पाळला तर काम शांतपणे होतं. तो मोडला की चिमटा आणि टॉर्च घेऊन संध्याकाळ जाते, आणि वाद्याच्या पॉलिशवर ओरखडे राहतात ते वेगळेच.

पुढच्या लिखाणात ‘तार’ म्हणजे वाजवायची तार आणि ‘वायर’ म्हणजे विजेची. पॉट, स्विच, जॅक आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी मिळून जो गुच्छ होतो, तो हार्नेस.

आधी ठरवा, बदलायचं नक्की काय

नॉब फिरवताना खरखर येते एवढीच तक्रार असेल तर हार्नेस काढू नका. इलेक्ट्रॉनिक कामासाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर बारीक नळीने एफ-होलमधून थेट पॉटच्या पायांजवळच्या फटीत मारा आणि नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. केबल हलवली की आवाज जात असेल तर आधी जॅकचा नट बघा. तो सैल झाला की जॅक गोल फिरतो आणि मागची वायर पिळून तुटते. अशा वेळी फक्त जॅक बाहेर काढून एक डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, दिला की झालं.

वाद्य जुनं आणि मूळ अवस्थेतलं असेल तर मी हात लावू नका असंच म्हणेन. मूळ पॉट आणि मूळ सोल्डर यांना त्या वाद्यात स्वतःची किंमत असते, आणि एकदा उकललेला डाग पुन्हा मूळ होत नाही.

दोन प्रकारची वाद्यं नवख्याने बाजूला ठेवावीत. एक, कमी इम्पीडन्सच्या पिकअपची (पिकअप म्हणजे तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग). एपिफोनचा जॅक कॅसडी बेस हे याचं प्रसिद्ध उदाहरण. त्यात पिकअपबरोबर ट्रान्सफॉर्मर आणि तीन स्थितींचा फिरता स्विच असतो, त्यामुळे नेहमीच्या पॉटचे हिशेब तिथे लागू पडत नाहीत. दोन, अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारं, सर्किट बसवायचा बेत. मागे झाकण नसलेल्या वाद्यात ९ व्होल्टची बॅटरी ठेवायची कुठे आणि दर वेळी बदलायची कशी, याचं उत्तर सापडेपर्यंत पॅसिव्हच बरं.

मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका

या कामात सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं माप एफ-होलचं. मध्यावर, जिथे फट सर्वांत रुंद असते तिथे मोजा. पूर्ण आकाराच्या पॉटचा व्यास साधारण २४ मिलिमीटर असतो, शिवाय त्याचे पाय बाहेर आलेले असतात. फट त्याहून अरुंद असेल तर १६ मिलिमीटरचे छोटे पॉट घ्या. छोटा पॉट म्हणजे हलका आवाज, हा गैरसमज आहे. रोध तोच असेल तर आवाज तोच. पिकअप काढल्यावर दिसणारं भोक थेट पोकळीत उघडत असेल तर नशीब चांगलं, कारण ते भोक एफ-होलपेक्षा मोठं असतं आणि हार्नेस तिथून सहज जातो.

दुसरं माप पॉट ज्यातून वर येतो त्या भोकाचं. सीटीएस या अमेरिकी कंपनीच्या जातीच्या पॉटच्या आट्यांचा व्यास ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर असतो. मेट्रिक पॉटचा ७ किंवा ८ मिलिमीटर. मेट्रिक भोकात सीटीएस पॉट शिरणार नाही आणि भोक मोठं करावं लागेल. करायचंच असेल तर ड्रिल लावू नका. ड्रिलचं पातं प्लायच्या वरच्या थरात अडकतं आणि पॉलिशसकट चकती उडवतं. निमुळता रीमर घ्या, भोकाभोवती मास्किंग टेप लावा आणि हाताने सावकाश फिरवा. पहिल्याच वेळी करत असाल तर जुन्या मापाचेच पॉट घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

नॉबही तपासा. मेट्रिक पॉटच्या दांड्यावरचे दाते जाड, सीटीएसचे बारीक. एकावरचा नॉब दुसऱ्यावर ठोकून बसवायला गेलात तर तो फुटतो.

आता रोध. हंबकर (दोन कॉइलच्या) पिकअपसाठी ५०० के, म्हणजे ५०० किलोओहम, आणि सिंगल कॉइलसाठी २५० के, ही रूढ जोडी. ५०० के घातला की वरच्या पट्टीतली धार जास्त राहते, २५० के थोडी गोलाई आणतो. खालच्या ई तारेचा, ४१ हर्ट्झच्या आसपासचा पाया दोन्हीत सारखाच राहतो, तेव्हा ‘५०० केने बेस पातळ होतो’ हे मनावर घेऊ नका. पॉटवर सहसा ‘ए’ लिहिलेला ऑडिओ चढाचा आणि ‘बी’ लिहिलेला सरळ चढाचा असतो. टोनला ऑडिओ घ्या. व्हॉल्यूमला आवडीप्रमाणे.

टोनचा कपॅसिटर बेसवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा सर्रास वापरतात. टोन बंद केल्यावर आवाज फारच गुदमरत असेल तर ०.०२२ लावून बघा. फिल्म जातीचा साधा, ५० व्होल्टचा पुरतो. पिकअपमधून येणारा विद्युतदाब इतका कमी असतो की ४००-६०० व्होल्टच्या जाडजूड कपॅसिटरने फक्त जागा अडते, आणि इथे जागेचीच टंचाई आहे.

वायर मात्र चांगली घ्या. सॉलिड बॉडीत पोकळीला आतून तांब्याचा पत्रा चिकटवून गुणगुण अडवता येते. इथे एफ-होलमधून ते जमत नाही. म्हणून जाळीदार वेष्टणाची, एकपदरी शिल्डेड वायर वापरायची: आतली वायर सिग्नलसाठी, बाहेरची जाळी ग्राउंडसाठी, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या वाटेसाठी. शिवाय श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी), सोल्डर, मल्टिमीटर, मेण लावलेला मजबूत दोरा (दात साफ करायचा फ्लॉस उत्तम, त्याची गाठ सुटत नाही), आणि एक जाड पुठ्ठा.

जुना हार्नेस बाहेर काढणे

१. तारा काढण्याआधी ब्रिजच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून त्याची जागा आखून ठेवा. ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असेल तर हे विसरून चालणार नाही. मग तारा थोड्या थोड्या, सगळ्या सारख्या प्रमाणात सैल करा. चार तारांचा मिळून ताण ७० किलोच्या घरात असतो, तो एका झटक्यात सोडू नये.

२. नॉब काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, वरचं पातळ लाकूड दबतं. नॉबखाली मऊ कापडाची पट्टी सरकवा, दोन्ही टोकं एकत्र धरून सरळ वर ओढा.

३. मूळ जोडणीचे फोटो घ्या. पिकअपच्या भोकातून, एफ-होलमधून, जिथून दिसेल तिथून.

४. या पायरीवर अर्धं काम अवलंबून आहे. नट सोडल्यावर पॉट लगेच आत ढकलू नका. आधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला सुमारे ६० सेंटिमीटरचा दोरा बांधा. दांड्याला खाच असेल तर दोरा तिच्यात छान बसतो. दांडा गुळगुळीत असेल तर त्यावर घट्ट बसणारी रबरी नळी चढवा. दोऱ्याच्या मोकळ्या टोकाला टेपची चिठ्ठी लावा: ‘पुढचा व्हॉल्यूम’, ‘टोन’, ‘स्विच’. मग पॉट आत ढकला आणि एफ-होलमधून हळूच बाहेर घ्या. दोरा मागोमाग येतो. आता त्याचं एक टोक पॉटच्या भोकातून बाहेर आणि दुसरं एफ-होलमधून बाहेर असेल. नवा पॉट याच वाटेने परत जाणार आहे.

५. जॅकला दोरा बांधायची तऱ्हा वेगळी. दोरा बाहेरून जॅकच्या नळीतून आत घालायचा, एफ-होलमधून जॅक बाहेर आला की दोऱ्याच्या आतल्या टोकाला काडीचा तुकडा आडवा बांधायचा. बाहेरून दोरा ओढला की काडी नळीला अडते आणि जॅक भोकाकडे खेचला जातो. जॅक एखाद्या पट्टीवर बसवलेला असेल तर पट्टीचे स्क्रू काढले की तो तसाच बाहेर येतो, मग दोऱ्याची गरज नाही.

६. एक वायर टेलपीसकडे किंवा ब्रिजच्या खुंटाकडे गेलेली असेल. ती तारांचा ग्राउंड. ती ओढू नका. पॉटजवळ, शक्य तितकी लांब ठेवून कापा आणि तिचं टोक टेपने एफ-होलच्या कडेला चिकटवा. ती खुंटाखालून निसटली तर खुंटच उपसावा लागतो.

पुठ्ठ्यावर जोडणी

वाद्यावर पातळ कागद ठेवून पॉटची भोकं, स्विचचं भोक आणि एफ-होलची कड गिरवून घ्या. तो नकाशा पुठ्ठ्यावर उतरवा, भोकं पाडा आणि नवे पॉट पालथे, म्हणजे पाठ वर करून, त्यात बसवा. लक्षात घ्या, पुठ्ठ्याकडे तुम्ही मागून बघत आहात, म्हणून नकाशाही उलटा, आरशातल्यासारखा हवा. इथे चूक झाली तर वायरी पुरेशा लांब असूनही पॉट उलट्या क्रमाने जाऊन बसतात.

पॉटमधलं अंतर असतं त्यापेक्षा प्रत्येक वायर तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवा. त्याहून जास्त नको. लोंबणारी वायर पुढे त्रास देते, त्याबद्दल शेवटी सांगतो.

पॉट पालथा धरून पाय आपल्याकडे ठेवले तर व्हॉल्यूमचा उजवा पाय ग्राउंडला, डावा पिकअपला, मधला पुढे स्विचकडे किंवा जॅककडे. टोनला मधला आणि उजवा पाय वापरायचा, डावा रिकामा: एका पायावर पिकअपकडून सिग्नल, दुसऱ्यातून कपॅसिटरमार्गे ग्राउंड. दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम असतील तर या जोडणीत दोन्ही पिकअप चालू असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की सगळाच आवाज जातो. ते नको असेल तर व्हॉल्यूमवर डाव्या आणि मधल्या पायाची अदलाबदल करा: पिकअप मधल्या पायावर, सिग्नल डाव्यातून बाहेर. त्याची किंमत म्हणजे व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाजातली चमक थोडी लवकर उतरते.

सॉलिड बॉडीत पॉट बऱ्याचदा धातूच्या पट्टीवर बसलेले असतात आणि पट्टीमुळे आपोआप एकमेकांना जोडले जातात. इथे ते लाकडात बसतात. म्हणून सगळ्या पॉटच्या पाठी, स्विचचं शरीर आणि जॅकचा ग्राउंड हे वायरने किंवा जाळीने एकत्र जोडलेच पाहिजेत.

पाठीवर डाग देताना नवख्यांची खरी अडचण होते. पाठ मोठी, ती उष्णता शोषून घेते. बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न दहा-पंधरा सेकंद टेकवून ठेवली तर सोल्डर धड वितळत नाही, पण आतला कार्बनचा पट्टा भाजतो. पाठीवरचा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासा, ४० ते ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि रुंद चपटं टोक वापरा, आधी पाठीवर सोल्डरचा थेंब पसरून घ्या, वायरीलाही सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही टेकवून तीन-चार सेकंदांत उरका. नीट बसलेला डाग कडेला पातळ होत पसरलेला दिसतो. मण्यासारखा वर उभा राहिला असेल तर तो चिकटलेला नाही, फक्त बसलेला आहे. शिसं असलेलं सोल्डर वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात धुवा.

जाळीच्या प्रत्येक टोकाला श्रिंक ट्यूब चढवा. जाळीचा एक केसही सिग्नलच्या पायाला लागला की वाद्य मुकं होतं, आणि ते कळतं सगळं आत बसवून झाल्यावर.

पिकअप

पहिल्या वेळी त्याच मापाचे पिकअप घ्या. बेसच्या हंबकरचं माप बनवणाऱ्यागणिक बदलतं, आणि वरचं लाकूड कोरणं हे वेगळंच काम आहे. पिकअपची वायर त्याच्या भोकातून एफ-होलबाहेर येऊन वर किमान १५ सेंटिमीटर उरेल इतकी लांब आहे ना, हे विकत घेतानाच बघा.

रंगांवर विसंबू नका. चार वायरींच्या पिकअपमध्ये सीमोर डंकन काळी वायर सिग्नलसाठी ठेवतात आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची असते. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची आणि काळी-पांढरी एकमेकींना. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की काहीही होऊ शकतं.

दोन वेगळ्या बनावटीचे पिकअप एकत्र घालणार असाल तर त्यांच्या सिग्नलची दिशा (फेज) जुळते का ते टेबलावरच तपासा. मल्टिमीटर रोध मोजायला लावा, पिकअपच्या दोन टोकांना जोडा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या धातूच्या खांबांवर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वाढतो किंवा घटतो. दोन्ही पिकअपवर एकाच बाजूला गेला तर जुळले. उलट गेला तर एकाच्या दोन वायरींची अदलाबदल करा, पण जाळीची वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

आता पिकअप वाद्यात बसवा, वायरी एफ-होलमधून बाहेर घ्या, वाद्यावर जाड कापड आणि त्यावर पुठ्ठा पसरा, आणि हार्नेसला शेवटचे डाग तिथे, बाहेरच द्या. तारांच्या ग्राउंडची वायरही आत्ताच जोडा.

मग मोजा. जॅकमध्ये केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना पिकअपच्या स्वतःच्या रोधापेक्षा किंचित कमी आकडा दिसायला हवा. १० किलोओहमचा पिकअप आणि ५०० केचा पॉट असेल तर ९.८ च्या आसपास. तसेच दोन पिकअप एकदम चालू केले तर सुमारे निम्मा. व्हॉल्यूम बंद केला की नेहमीच्या जोडणीत जवळजवळ शून्य. पाय अदलाबदल केलेल्या जोडणीत, तो एकच पिकअप निवडलेला असेल तर, पॉटचा पूर्ण आकडा. त्यानंतर अ‍ॅम्प अगदी हळू ठेवून खांबांवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करा. प्रत्येक पिकअप, स्विचची प्रत्येक स्थिती, प्रत्येक नॉब. सगळं बरोबर वाजेपर्यंत पुढे जाऊ नका.

आत नेणे

हार्नेस पुठ्ठ्यावरून सोडवा. प्रत्येक पॉटवर दातेरी वॉशर आधीच चढवा, तो लाकडाच्या आतल्या बाजूला राहतो आणि पॉटला फिरू देत नाही. दोऱ्यांची एफ-होलकडची टोकं आपापल्या दांड्याला बांधा. बाहेरच्या टोकात चपटा वॉशर आणि नट आधीच ओवून ठेवा. पॉट भोकातून वर आला की दोरा न सोडता ते दोन्ही खाली सरकवून दांड्यावर आणता येतात. दोरा सोडावा लागला नाही तर पॉट परत आत पडत नाही.

एफ-होलपासून सर्वांत लांब बसणारा भाग आधी आत घाला, जवळचा शेवटी. एफ-होलच्या कडांना टेप लावा, कारण तिथलं पॉलिश सर्वांत आधी टवका देतं. एका हाताने भाग फटीतून सारायचा, दुसऱ्या हाताने दोरा हलकेच ताणत राहायचा. अडलं तर ओढू नका. मागे घ्या, वायर कुठे पॉटभोवती अडकली आहे ते टॉर्चने बघा, पुन्हा सारा. मी एकदा अडलेला जॅक जोर लावून ओढला, डाग तुटला, आणि सगळा हार्नेस पुन्हा बाहेर काढावा लागला.

नट घट्ट करताना दांडा हाताने धरून ठेवा, नाहीतर पॉट आत गोल फिरतो आणि वायरी पिळतात. लाकूड दाबलं जाईल इतकं आवळू नका.

आवाज नीट नसेल तर

काहीच आवाज नाही: जाळी सिग्नलला टेकली आहे. गुणगुण आहे आणि तारांना हात लावल्यावर कमी होत नाही: तारांचा ग्राउंड सुटला. हात लावल्यावर उलट वाढते: सिग्नल आणि ग्राउंडची कुठेतरी अदलाबदल झाली आहे. एकेक पिकअप भरदार, पण दोन्ही मिळून पोकळ, नाकातला आवाज: दिशा जुळलेली नाही. नॉब उलटा चालतो: बाहेरचे दोन पाय उलटे.

एक त्रास मात्र या वाद्यांचाच आहे. सगळं ठीक असतं, पण एखाद्या विशिष्ट स्वरावरच आतून झर्र असा आवाज येतो. वरचं लाकूड त्या स्वराला जोरात थरथरतं आणि त्याला टेकलेली वायर त्यावर आपटते. म्हणून हार्नेस आत घालण्याआधी वायरी ठिकठिकाणी एकत्र बांधा आणि त्यांच्याभोवती मऊ फोमची पट्टी गुंडाळा. नंतर लक्षात आलं तर फोमचा तुकडा चिमट्याने धरून एफ-होलमधून वायर आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवता येतो. तारा चढवण्याआधी वाद्यावर बोटांच्या पेरांनी जागोजागी ठोकून बघा, आतलं काही सैल असेल तर तेव्हाच ऐकू येतं.

तारा चढवा, ब्रिज टेपच्या खुणांवर आणा आणि बाराव्या पडद्यावर ट्यूनर लावून स्वर तपासा. पिकअपची उंची शेवटच्या पडद्यावर तार दाबून ठरवायची. जाड तारेखाली ३ मिलिमीटर, बारीक तारेखाली २, इथून सुरुवात करून कानाने खालीवर करा. काढलेला हार्नेस डाग न सोडवता, जोडणीच्या फोटोंसह पाकिटात जपून ठेवा. बेस पुढे विकायचा झाला तर घेणारा तो हमखास मागतो.